दहाव्या वर्षी लागणारा निकाल

जर्मनीच्या शिक्षणपद्धतीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात दोन गोष्टी हटकून येतात. एक म्हणजे, तेथील सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नाही. आणि दुसरी, कारखान्यात काम करता करता शिकविणारी त्यांची धंदेशिक्षणाची व्यवस्था जगात नावाजलेली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या पदवीधर तरुणांचा त्या देशाकडे जो ओढा वाढला आहे त्याचे एक मोठे कारण पहिली गोष्ट हेच होय. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले व भारतीयांचा गट सर्वांत मोठा ठरला. दुसऱ्या गोष्टीचे आकर्षण सरकारांना अधिक. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, तो याच संदर्भात.

परंतु या दोन्ही गोष्टी ज्या पायावर उभ्या राहिल्या त्या तिसऱ्या गोष्टीची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत मूल दहा वर्षांचे झाले की त्याची शाळा बदलते, आणि सर्व मुलांची एकाच प्रकारच्या शाळेत बदलत नाही. कोणी विद्यापीठाच्या वाटेला लागायचे आणि कोणी कारखान्याच्या, याची पहिली निवड त्या वयात होते. आपल्याकडे दहावीच्या निकालाचा घोर घराघराला लागतो. जर्मनीत तो निकाल दहाव्या यत्तेत नव्हे, दहाव्या वर्षी लागतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सोळा राज्ये, सोळा शिक्षणखाती

जर्मनीत ‘राष्ट्रीय शिक्षणपद्धती’ अशी एक नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. संघराज्यात सोळा राज्ये आहेत आणि शाळा हा त्यांचा अधिकार आहे. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकांची मान्यता, शिक्षकांची नेमणूक, सुट्यांचे वेळापत्रक हे सारे राज्य ठरविते. मध्यवर्ती सरकारात शिक्षणमंत्री असतो, पण एखाद्या शाळेला साधे परिपत्रक धाडण्याचाही अधिकार त्याला नाही. आपल्याकडे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला. जर्मनीत मात्र राज्ये हा अधिकार डोळ्यांत तेल घालून जपत आली आहेत.

त्यामागे इतिहास आहे. नाझी राजवटीने १९३४ मध्ये एक मध्यवर्ती शिक्षणमंत्रालय निर्माण केले आणि शाळांना राजवटीच्या प्रचाराचे साधन बनविले. युद्धानंतर नवी घटना घडविणाऱ्यांनी हा धडा ध्यानात ठेवला व शिक्षणाची सत्ता एका हाती राहणार नाही अशी तजवीज केली. राज्याराज्यांत निदान काही मेळ राहावा म्हणून त्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक स्थायी परिषद आहे. ती स्थापन झाली १९४८ साली, म्हणजे खुद्द पश्चिम जर्मनीचे प्रजासत्ताक जन्माला येण्यापूर्वी एक वर्ष. कोणते प्रमाणपत्र कोठे ग्राह्य धरावयाचे, हे मुख्यतः या परिषदेत ठरते. तरीही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली झालेल्या नोकरदाराच्या मुलांची ओढाताण चुकत नाही.

चार वर्षे एकत्र

मूल सहा वर्षांचे झाले की शाळा सुरू होते. पहिल्या दिवशी आईबाप मुलाच्या हाती खाऊ व शालेय वस्तूंनी भरलेला पुठ्ठ्याचा एक मोठा शंकू देतात. त्या समाजात हा दिवस घरच्या सणासारखा साजरा होतो. शाळेत जाण्याची सक्ती कडक आहे. मुलांना घरीच शिकवू, असे म्हणणाऱ्या पालकांना कायदा सहसा दाद देत नाही.

पहिली चार वर्षे सर्व मुले ‘ग्रुंडशूले’ या प्राथमिक शाळेत एकत्र शिकतात. बर्लिन व ब्रांडेनबुर्ग या दोन राज्यांत हा काळ सहा वर्षांचा आहे. ही चार वर्षेही सहजी मिळालेली नाहीत. पहिल्या महायुद्धापूर्वी सुखवस्तू घरांतील मुले फी घेणाऱ्या स्वतंत्र पूर्वशाळांत जात व तेथून थेट वरच्या दर्जाच्या विद्यालयांत प्रवेश करीत. सामान्यांच्या मुलांसाठी लोकशाळा असे. वायमार प्रजासत्ताकाने १९२० मध्ये कायदा करून चार वर्षांची समान प्राथमिक शाळा सर्वांस बंधनकारक केली. आठ वर्षांची एकत्र शाळा हवी असणारे एका बाजूला आणि मुळीच नको असणारे दुसऱ्या बाजूला, या ओढाताणीतून निघालेली ही तडजोड होती. शंभर वर्षे लोटली तरी बहुतेक राज्यांत ती तडजोड जागची हललेली नाही.

तीन वाटा

चौथीच्या अखेरीस शिक्षक शिफारस करतात. जुन्या रचनेत पुढे तीन वाटा फुटत. ‘हाउप्टशूले’ नववी-दहावीपर्यंत शिकवून हाताच्या धंद्याकडे नेई. ‘रेआलशूले’ दहावीपर्यंत शिकवून कारकुनी, तांत्रिक व मधल्या दर्जाच्या नोकऱ्यांकडे. आणि ‘गिम्नाझियुम’ बारावी-तेरावीपर्यंत शिकवून ‘आबिटूर’ या परीक्षेकडे. आबिटूर म्हणजे विद्यापीठाच्या दाराची किल्ली. प्रशियात ती १७८८ पासून आहे.

काही राज्यांत पालकांचा शब्द अखेरचा असतो, काहींत शाळेचा. बव्हेरियात चौथीच्या मुलाला जर्मन, गणित व परिसर-अभ्यास या तीन विषयांत सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळाली तरच गिम्नाझियुमची शिफारस होते. तेथे १ ही सर्वोत्तम व ६ ही सर्वांत निकृष्ट श्रेणी असल्याने आकडा जितका लहान तितका गुण मोठा. बाडेन-व्युर्टेम्बेर्गने २०१२ मध्ये शिक्षकांच्या शिफारशीचे बंधन काढून टाकले होते. २०२५ च्या प्रवेशांपासून गिम्नाझियुमचे दार त्याने पुन्हा काहीसे आवळले. अशा राज्यांतील घरांतून चौथीचे वर्ष कसे जात असेल, याची कल्पना मराठी पालकांना सांगावयास नको.

या व्यवस्थेच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. सर्व मुलांचा कल व वेग सारखा नसतो. ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे शिकविले तर हुशार मुलगा कंटाळत नाही आणि मंद मुलगा मागे पडत नाही. शिवाय वाट बदलण्याची सोय आहेच, असे ते सांगतात. सोय आहे, हे खरे. रेआलशूले उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्याला पुढे आबिटूरपर्यंत जाता येते व पुष्कळ जण जातातही. पण प्रश्न वेगळाच आहे. दहाव्या वर्षी आपण मुलाची कुवत मोजतो, की त्याच्या घराची?

२००१ चा धक्का

या प्रश्नाचे उत्तर जर्मनांना बाहेरून मिळाले. विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने पंधरा वर्षांच्या मुलांचे वाचन, गणित व विज्ञान तपासणारी ‘पिसा’ ही चाचणी २००० साली घेतली व तिचे निष्कर्ष डिसेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या शाळा जगात अग्रेसर आहेत, अशी समजूत बाळगणारा देश सहभागी राष्ट्रांच्या सरासरीखाली निघाला. त्याहून झोंबणारी गोष्ट दुसरी होती. आईबापांची सामाजिक स्थिती व मुलाची वाचनक्षमता यांचे नाते ज्या देशांत सर्वाधिक घट्ट आढळले त्यांत जर्मनी होता. समान गुणवत्तेची दोन मुले घेतली तरी शिकलेल्या आईबापांच्या मुलाला गिम्नाझियुमची शिफारस मिळण्याचा संभव कामगाराच्या मुलापेक्षा बराच अधिक असतो, हे नंतरच्या अनेक पाहण्यांतूनही दिसून आले. परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत भाषेची अडचण त्यात भर घालते.

याला आणखी एक कारण होते. जर्मन शाळा परंपरेने अर्ध्या दिवसाची. दुपारी एकच्या सुमारास मुले घरी येत आणि उरलेली शाळा आईने घरी घ्यावयाची, असा अलिखित करार असे. ज्या घरी आई शिकलेली व मोकळी, तेथे मुलाला दोन शाळा मिळत. जेथे ती साफसफाईच्या कामावर गेलेली, तेथे अर्धीच. आपल्याकडे शिकवणीवर्ग जे काम करतात, तेच काम तेथे बव्हंशी घराने केले.

धक्क्याचा परिणाम झाला. २००३ पासून मध्यवर्ती सरकारने पूर्ण दिवसाच्या शाळांसाठी चार अब्ज युरो दिले. सर्व राज्यांनी विषयवार समान अपेक्षा ठरविल्या. शाळेपूर्वी भाषा शिकविण्यावर भर आला. काही वर्षे निकाल सुधारलेही. परंतु २०२२ च्या पिसा चाचणीत जर्मनीचे गुण तोपर्यंतच्या सर्व फेऱ्यांतील नीचांकाला गेले. तेव्हा २०२४ च्या ऑगस्टपासून आणखी एक कार्यक्रम हाती घेण्यात आला. दहा वर्षांत वीस अब्ज युरो, निम्मे केंद्राचे व निम्मे राज्यांचे, हे सुमारे चार हजार शाळांवर खर्च व्हावयाचे आहेत. आणि या शाळा निवडताना तेथील मुलांची सामाजिक परिस्थिती पाहिली जाते. सर्वांना सारखे वाटण्याऐवजी गरजवंताला अधिक द्यावे, हे तत्त्व इतक्या मोठ्या प्रमाणावर मान्य करावयास त्या देशाला दोन दशके लागली.

हॅम्बुर्गचा कौल

मग मूळ निवडच दोन वर्षे पुढे का ढकलू नये? हा प्रयत्न झाला आहे. २०१० साली हॅम्बुर्ग राज्यात परंपरावादी ख्रिस्ती लोकशाही पक्ष व हरित पक्ष यांच्या संयुक्त सरकारने प्राथमिक शाळा सहा वर्षांची करण्याचे ठरविले. विधिमंडळातील सर्व पक्षांनी त्यास पाठिंबा दिला. विरोध झाला तो बाहेरून, गिम्नाझियुमच्या पालकांकडून. त्यांनी सह्या गोळा केल्या, जनमत घ्यावयास लावले आणि जुलै २०१० मध्ये सुधारणा हाणून पाडली. मतदानाचे प्रमाण सुखवस्तू वस्त्यांत अधिक व गरीब वस्त्यांत कमी होते. ज्यांच्या मुलांना त्या सुधारणेचा लाभ व्हावयाचा, त्यांपैकी अनेकांना परकीय नागरिकत्वामुळे मतच नव्हते.

ही घटना मननीय आहे. एकत्र शिक्षणाच्या तत्त्वाला सभेत विरोध करणारा विरळा. पण स्वतःच्या मुलाच्या शाळेची वेळ आली की सुशिक्षित मध्यमवर्ग कोणत्या बाजूला उभा राहतो, हे हॅम्बुर्गने दाखविले. हा दोष केवळ जर्मनांचा आहे, असे म्हणण्याचे धाडस आपण तरी करू नये.

दुसरे टोकही जर्मनीने अनुभवले आहे. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीने १९५९ पासून सर्व मुलांसाठी दहा वर्षांची समान शाळा ठेवली. परंतु तिच्यापुढील वरिष्ठ शाळेत मोजक्याच मुलांना घेत, आणि ती निवडताना गुणांबरोबर राजनिष्ठाही तपासत. १९९० च्या एकीकरणानंतर ती शाळा गेली व पूर्वेच्या राज्यांनी पश्चिमेची विभागणी कमीअधिक फरकाने स्वीकारली. एका वाईट राजवटीने केली म्हणून एक विचारार्ह गोष्टही मोडीत निघाली.

मात्र जे कायद्याने झाले नाही ते लोकांच्या पावलांनी थोडेफार घडविले. हाउप्टशूलेत मूल घालणे म्हणजे त्याच्या कपाळी शिक्का मारणे, अशी भावना पसरली व त्या शाळा ओस पडू लागल्या. बर्लिन, हॅम्बुर्ग, ब्रेमेन, सॅक्सनी इत्यादि राज्यांत आता गिम्नाझियुम आणि दुसरी एक संयुक्त शाळा अशा दोनच मुख्य वाटा आहेत. आणि अनेक ठिकाणी या दुसऱ्या वाटेनेही आबिटूरपर्यंत जाता येते.

कारखाना आणि शाळा

ज्यांची वाट गिम्नाझियुमकडे जात नाही त्यांचे काय होते? येथेच जर्मन पद्धतीचे खरे सामर्थ्य आहे. १९६९ च्या कायद्याने बांधून दिलेल्या व्यवस्थेत शिकाऊ उमेदवार एखाद्या कारखान्याशी, दुकानाशी वा कचेरीशी रीतसर करार करतो. आठवड्यातून तीन-चार दिवस तेथे काम व एक-दोन दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेत अभ्यास, असा क्रम दोन ते साडेतीन वर्षे चालतो. त्याला पहिल्या दिवसापासून विद्यावेतन मिळते. २०२० पासून त्याची किमान मर्यादाही कायद्याने ठरली आहे. मान्यताप्राप्त व्यवसाय तीनशेहून अधिक आहेत. त्यांत सुतार, गवंडी, यंत्रकारागीर जसे येतात तसे बँकेतील व विमा कचेरीतील कर्मचारीही येतात. अखेरची परीक्षा शाळा घेत नाही. व्यापारी व कारागिरांच्या मंडळांमार्फत मालक, कामगार व शिक्षक या तिघांचे प्रतिनिधी ती घेतात. त्यामुळे प्रमाणपत्राला बाजारात किंमत असते.

पुढे अनुभव व परीक्षा यांच्या जोरावर कारागीर ‘माइस्टर’ होतो. अर्हतांच्या राष्ट्रीय आराखड्यात माइस्टर व विद्यापीठाचा पदवीधर एकाच पायरीवर ठेवलेले आहेत, आणि २००९ च्या निर्णयानुसार माइस्टरला आबिटूरशिवायही विद्यापीठात प्रवेश घेता येतो. हाताच्या कामाला इतकी औपचारिक प्रतिष्ठा देणारे देश थोडे आहेत.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहेत. तथापि जर्मनीत शिकविण्याची जबाबदारी मालक स्वतःची मानतो व तिचा खर्च उचलतो. आपल्याकडे ती सरकारची समजली जाते. कायद्याची नक्कल करणे सोपे. मालकाची ही वृत्ती आणणे कठीण. तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. सर्वांत कमी शिक्षण झालेल्या मुलांना चांगले मालक मिळत नाहीत व ती एका तात्पुरत्या वर्गातून दुसऱ्यात फिरत राहतात. उलट अनेक धंद्यांत जागा रिकाम्या पडतात. परदेशांतून, आपल्याकडूनही, माणसे मागविण्याची वेळ आली ती म्हणूनच.

विद्यापीठाचे दार

आधुनिक विद्यापीठाची कल्पना जर्मनीने जगाला दिली, असे म्हटले जाते. विल्हेल्म फोन हुंबोल्ट हा प्रशियाच्या शिक्षणखात्यावर जेमतेम सोळा महिने होता. पण त्या काळात योजलेले बर्लिनचे विद्यापीठ १८१० मध्ये उघडले. अध्यापन व संशोधन ही एकमेकांपासून तोडावयाची नाहीत, हे त्याचे सूत्र. त्याच बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस मानवशास्त्राचे संशोधन करून डॉक्टरेट मिळविली, हे येथे आठवते.

शुल्काची कथा बोधप्रद आहे. पश्चिम जर्मनीतील जुने शुल्क १९७० च्या सुमारास संपले. २००५ मध्ये घटना-न्यायालयाने शुल्कावरील मध्यवर्ती बंदी रद्द केली. तेव्हा सात राज्यांनी सहामाहीला पाचशे युरोपर्यंत शुल्क बसविले. विद्यार्थ्यांनी व पालकांनी चळवळ केली, निवडणुकांत हा मुद्दा झाला, आणि २०१४ पर्यंत सर्व राज्यांनी ते मागे घेतले. याखेरीज १९७१ पासून गरजू विद्यार्थ्यांना सरकारी साहाय्य मिळते. ते निम्मे अनुदान व निम्मे बिनव्याजी कर्ज असते, आणि कर्जाच्या परतफेडीला १०,०१० युरोंची कमाल मर्यादा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र हेही जाणावे, की बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सहामाहीला दीड हजार युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे.

आबिटूर झालेल्याला तत्त्वतः कोणताही विषय घेण्याचा हक्क आहे. वैद्यकासारख्या विषयांत जागा अपुऱ्या पडतात तेव्हा तो हक्क व वास्तव यांचा झगडा होतो. १९७२ मध्ये व पुन्हा २०१७ मध्ये घटना-न्यायालयाने सांगितले की, व्यवसाय निवडण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले असल्याने जागावाटपाची पद्धत प्रत्येक पात्र उमेदवाराला वास्तविक संधी देणारी असली पाहिजे. केवळ शालेय गुणांवर सारा भार टाकता येणार नाही. न्यायालयाने उमेदवाराच्या बाजूने हा प्रश्न पाहिला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

शिक्षकाचे स्थान

शिक्षक वाचकांना स्वारस्य वाटेल अशी एक बाब राहिली. जर्मन शिक्षक विद्यापीठाचा पूर्ण अभ्यासक्रम करतो व त्यानंतर एक ते दोन वर्षे शाळेत परिवीक्षेची उमेदवारी करतो. पुष्कळ शिक्षक कायम सनदी नोकर असतात. पगार चांगला, निवृत्तिवेतन निश्चित. मोबदल्यात त्यांना संपाचा हक्क नाही, आणि २०१८ मध्ये घटना-न्यायालयाने व २०२३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे बंधन उचलून धरले. मुलांची विभागणी शिक्षकांतही उतरली होती: प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी गिम्नाझियुमच्या शिक्षकाहून खालची असे. अनेक राज्यांनी अलीकडे ही तफावत काढली किंवा काढावयास घेतली. लहान मुलांना शिकविणे हे कमी विद्वत्तेचे काम नव्हे, हे पगारपत्रकावर लिहिले गेले तेव्हाच ते खरे मानले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

घ्यावयाचे ते काय?

विद्यापीठ सर्वांस जवळजवळ विनामूल्य, हे जर्मनीचे भूषण आहे. परंतु विनामूल्य दारापर्यंत पोचणारी मुले कोणत्या घरांतली, हे चौथीच्या वर्गात पुष्कळसे ठरून जात असेल, तर त्या औदार्याचा मोठा वाटा आधीच सुस्थितीत असलेल्यांच्या पदरात पडतो. शेवटच्या पायरीवरची फी माफ करणे दिसते मोठे; पण न्याय व्हावयाचा असेल तर तो पहिल्या पायरीवर करावा लागतो. वीस अब्ज युरो घेऊन जर्मनी आता त्या पहिल्या पायरीकडे वळला आहे, तो हे कळल्यामुळेच.

त्याच वेळी, गिम्नाझियुम न लाभलेल्या मुलालाही त्या देशाने करार, विद्यावेतन, परीक्षा व मानाचे स्थान दिले, हेही विसरून चालणार नाही. मुलांची विभागणी तर आपणही करतो. शुल्काने करतो, माध्यमाने करतो, शिकवणीवर्गाने करतो. आपली विभागणी कोणत्या कायद्यात लिहिलेली नाही, एवढाच फरक. आणि मागे राहिलेल्याच्या हातात आपण काय ठेवतो, याचे उत्तर जर्मनीजवळ निदान अर्धे तरी आहे. तिकडे जाणाऱ्या आमच्या तरुणांनी पदवीबरोबर या अर्ध्या उत्तराचाही अभ्यास करावा, आणि मुले दहाव्या वर्षी वाटण्याची चूक मात्र तेथेच ठेवून यावे.